सरकीपूरचा पूल कोण बांधतो?

परलादभाऊ,

तुमची शोकसभा वाईट झाली. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

मंचावर फोटो होता तो नेमका तुम्हाला न आवडणारा, एका बाजूची मिशी जास्त कापली गेलेला. पहिल्या वक्त्याने तुम्हाला 'बालमनाचा शिल्पकार' करून टाकलं. दुसऱ्याने 'वऱ्हाडी बोलीचा दीपस्तंभ'. वऱ्हाडात समुद्र कुठे आहे? दीपस्तंभ काय कापसाच्या गंज्यांना रस्ता दाखवणार? तिसरे गृहस्थ स्वतःच्या आगामी पुस्तकाबद्दल बोलले आणि तुमचं नाव न घेताच खाली बसले. मी मागच्या रांगेतून हरकत घ्यायला उठले, तर मंदाताईंनी माझी ओढणी धरून खाली ओढलं. म्हणाल्या, "बस वं. मयताच्या सभेत हरकत घेत नसतेत."

कोणत्या नियमानुसार, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून हरकत इथे नोंदवते. तुम्ही शिल्पकार नव्हता. तुम्ही लहान पोरांसाठी कार्टून करत होता. विनोदी, वऱ्हाडीतून, अमरावतीत, तुमच्या थोरल्या भावाच्या, वामनदादांच्या, फुलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. 'सरकीपूरचे पोट्टे'. मास्तर आणि चोराचे आवाज तुमचे, पोरांचे मंदाताईंचे, चित्रं गजूची. त्यात पोरं पळायची, चोर पडायचा, मास्तरांचं यंत्र बिघडायचं, बकरी ओरडायची आणि शेवटी सगळे हसायचे. मला त्यातलं जवळजवळ काहीच पटत नव्हतं, आणि मी त्यातली बकरी होते.

सभेत कुणी काढलाच नाही तो मुद्दा असा की शेवटचा भाग अर्धा राहिला होता. त्याचा शेवट लिहायचा होता आणि शेवटचं हसू रेकॉर्ड व्हायचं होतं. आपलं भांडणही नेमकं तिथेच अर्धवट राहिलं होतं. त्या शेवटाचं काय झालं, हे ऐकण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.

पण आधी पूल.

मी अकोल्याला बहिणीकडे गेले होते. तिची पोरगी फोनसमोर जेवत बसलेली. पडद्यावर गुंड्या आणि कोहळ्या ही दोन पोरं पळत होती, मागे चोर. तिघं नाल्यावरच्या पुलावर आले, पूल कडकन मोडला, चोर नाल्यात. पोरगी खिदळली. मी म्हटलं, बरं. पुढचा भाग लागला. पूल पुन्हा जागेवर. पुन्हा मोडला. त्याच्या पुढच्या भागात पुन्हा उभा. मी पोरीला विचारलं, "हा पूल बांधतं कोण?" ती घास चावत म्हणाली, "कोनी नाही मावशी. थो असतेच."

असतेच. इथे माझं डोकं फिरलं. आमच्या गावाजवळच्या नाल्यावरचा पूल मी सातवीत असताना वाहून गेला. माझं एम.ए. झालं, पूल झाला नाही. गावची पोरं अजून चपला हातात घेऊन शाळेत जातात. आणि इकडे अमरावतीत बसून कुणी माणूस पोरांना शिकवतोय की पूल असतेच.

त्याच आठवड्यात मी पत्रक छापलं. मथळा: 'सरकीपूरचा पूल कोण बांधतो? बालकांच्या चाललेल्या फसवणुकीबद्दल जाहीर सवाल.' पुलाखेरीज त्यात बकुळीचा मुद्दा होता. सरकीपुरातली एकुलती एक मुलगी, हातात कायम पाण्याचा तांब्या, आणि संकट आलं की किंचाळणं एवढंच काम. कोहळ्याचा मुद्दा होता: तो जाड आहे म्हणून प्रत्येक युक्ती त्याच्याच भुकेपायी फसायची. कवठाचा होता. कवठ डोक्यात पडलं की माणसाची आठवण जाते आणि दुसरं कवठ पडलं की परत येते, ही वैद्यकीय थाप मी उघडी पाडली होती. आणि शेवटचा मुद्दा शेवटच्या हसण्याचा. ज्याचं घर मोडलं तो हसतो, जिची घागर चोरीला गेली ती हसते, दोरीने बांधलेला चोरही हसतो. 'अन्यायाचा असा सामुदायिक हशाने निकाल लावणे कोणत्या समाजव्यवस्थेच्या सोयीचे आहे?' हे वाक्य मी जाड अक्षरात छापून घेतलं होतं.

दुकानासमोर उभी राहून मी ती पत्रकं वाटत होते आणि वामनदादा त्यांतच गजरे गुंडाळून गिऱ्हाइकांना देत होते. वितरण त्यामुळे चांगलं झालं, एवढं मान्य. तेवढ्यात तुम्ही जिन्यावरून खाली आलात, एक पत्रक उचललंत, पायरीवर बसलात आणि मोठ्याने वाचायला लागलात. पहिला मुद्दा चोराच्या आवाजात. दुसरा मास्तरांच्या. फुलं घ्यायला आलेल्या बायका थांबून ऐकायला लागल्या.

मी म्हटलं, "ही थट्टा आहे का?"

"नाही बाई, तालीम आहे. आता शेवटचा मुद्दा तू वाच. जोरात वाच."

मी वाचला. का वाचला ते विचारू नका. जोरात वाच म्हटलं की मला राहवत नाही. तुम्ही डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलंत, मग जिन्याकडे तोंड करून हाक मारलीत, "गजू, बकरी भेटली गा."

बकरीचा आवाज काढणारी आधीची मुलगी लग्न होऊन धामणगावला गेली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं की मी बकरी होणार नाही.

"काहून?" तुम्ही म्हणालात. "साऱ्या सरकीपुरात तक्रार करनारी थे एकटीच आहे. बाकीचे सारे हासतेत. तुले दुसरं काही जमनार बी नाही तिथं."

मी अट घातली. शेवंती बकरी दर भागात विचारेल, हा पूल कोणी बांधला. तुम्ही तिथल्या तिथे कबूल केलंत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. चळवळीत इतक्या लवकर मागणी मान्य झाली की समजावं, दुधात पाणी आहे.

पाणी असं होतं. अशा कार्टूनांतल्या जनावराचा एक जुना नेम आहे: ते बोलतं ते फक्त बघणाऱ्या पोरांना कळतं. गोष्टीतल्या माणसांना नुसता आवाज ऐकू जातो. मी जीव तोडून विचारायची, "अरे, हा पूल रातोरात उभा कोणी केला? दगड कोणी वाहिले?" आणि तुम्ही मास्तरांच्या आवाजात म्हणायचात, "बें बें करून राह्यली. भूक लागली वाटते इले." माझ्या सगळ्या चळवळीचं तुम्ही 'बें' करून टाकलं.

तरी मी टिकले, कारण पोरांना ते ऐकू जात होतं. आमच्या गावच्या शाळेत सरपंच झेंडावंदनाला आले, तेव्हा तिसरी-चौथीच्या पोरांनी एका सुरात विचारलं, "पूल कोन बांधते?" सरपंचांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी झेंड्याकडे. हे मी तुम्हाला रंगवून सांगितलं, तुम्ही पोट धरून हसाल म्हणून. तुम्ही हसला नाहीत. "असं?" म्हणालात, आणि हातातला चहा निवून गेला तरी प्यायला नाहीत.

तुमच्याशी भांडणं हे माझं आठवड्याचं ठरलेलं काम होतं. तुमचं म्हणणं, पोरांच्या विनोदी कार्टूनात नवीन गोष्ट नसतेच. "हारात फुलं कोनती असतेत? झेंडू, गुलाब, शेवंती. रोज थेच. म्हून कोनी हार घ्यायचा थांबला का?" म्हणून युक्ती दोनदा फसणार आणि तिसऱ्यांदा चुकून जमणार. चोराचं पोतं ऐन वेळी फाटणार. लाल बटण दाबू नको म्हटलं की कोहळ्या लाल बटणच दाबणार. गुंड्या दाराआडून अर्धं बोलणं ऐकणार आणि उरलेला भाग त्या अर्ध्या बोलण्यावर पळणार. यंत्रामुळे दोघांच्या जिवांची अदलाबदल होणार. तो भाग तुम्ही गुंड्या आणि बकुळीवर केला, आणि दोघांचेही आवाज मंदाताईंचे. मध्येच थांबून बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. "भाऊ, मी आता कोन हावो, थे सांगा पह्यले."

फक्त एका गोष्टीला तुमच्याकडे बंदी होती. 'हे सगळं स्वप्न होतं' असा शेवट. "थे म्हनजे गिऱ्हाइकाले कागदाची फुलं देनं," तुम्ही म्हणायचात. या एका ठरावावर आपलं एकमत होतं.

कवठही तुमचंच. "बाह्यरच्या कार्टूनात डोक्स्यात नारळ पडते. आपल्याकडं नारळाचं झाड कुठी आहे? कवठ पडलं पाह्यजे." मी सांगायची, डोक्याला मार लागणं हा विनोद नाही. तुम्ही म्हणायचात, "म्हून तं दुसरं ठेवलं आहे."

आणि चोर. अशा मालिकांत गावंढळ बोलतो तो नेहमी नोकर, नाहीतर मूर्ख, हे मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात ठणकावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, म्हणूनच आपल्याकडे शहाणे मास्तर वऱ्हाडी बोलतात आणि चोर पुण्याचा आहे. खरंच होतं ते. सरकीपूरच्या चोराने कधी आवाज चढवला नाही. "आपली हरकत नसेल तर ही घागर मी घेऊन जातो," असं विचारून तो चोरी करायचा. मी म्हटलं, हाही एका समूहावर अन्यायच आहे. तुम्ही म्हणालात, "नाही. हा बदला आहे."

बकुळीच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला हलवलं. तांब्या काढून टाका, ही माझी मागणी होती. तुम्ही आठ दिवस विचार करून म्हणालात, "तांब्या राहू दे. थे तो फेकून मारंन." त्या दिवसापासून बकुळीचा नेम चुकला नाही. मी समाधानी नव्हते, पण चोराच्या कपाळावर तांब्या बसल्याचा आवाज मी स्वतः रेकॉर्ड केला. खरा तांब्या, खरा पाट. चारदा. समाधानासाठी नाही, आवाज नीट येत नव्हता म्हणून.

तुमच्या वाढदिवसाची गोष्ट सभेत मी सांगणार होते, ती ओढणीपायी राहिली. कार्टूनांत एक भाग नक्की असतो: सगळे नायकाचा वाढदिवस विसरल्याचं सोंग करतात, तो बिचारा दिवसभर उदास फिरतो, आणि संध्याकाळी दार उघडतो तर सगळे आत लपलेले. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून प्रत्येक दार हळूच उघडत होता. उघडण्याआधी घसा साफ करत होता. मंदाताईंकडे बघून डोळा मारलात. मला वाटलं, डोळ्यांत काही गेलं असेल. दुपारी गजूने विचारलं, भाऊ, आज तुम्ही कपाटंही काहून उघडून राहिले? तुम्ही म्हणालात, "उगाच." संध्याकाळी दिवे लागले, मंदाताई पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. आम्ही सोंग करत नव्हतो भाऊ. आम्ही खरंच विसरलो होतो. वामनदादाही विसरले होते, आणि ते तर सख्खे. मग खाली धावाधाव झाली. कुणाच्या तरी सेवानिवृत्तीसाठी बांधलेला हार तुमच्या गळ्यात पडला, आणि तुम्ही आमची समजूत काढत बसलात. म्हणालात, "नाही, पन दिवसभर लय मजा आली. दर दाराले वाटे, आता."

आता हसण्याचं. भागाच्या शेवटी सगळे एकत्र हसतात, हा या कार्टूनांचा सगळ्यात झिजलेला नेम. बाकीचे लोक एकदा हसू रेकॉर्ड करतात आणि जन्मभर तेच चिकटवतात. तुम्ही दर भागाला नवं घ्यायचात. फुलवाल्याच्या घरचे तुम्ही. कालचं फूल देवाला चालत नाही, कालचं हसू पोरांना चालत नाही, असा तुमचा हट्ट. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या छोट्या खोलीत एका माइकभोवती आपण चौघं. गजू फक्त चित्रं काढायचा, कार्टूनात त्याचा आवाज कुठेच नाही, पण हसायला त्यालाही आत घ्यायचात. मग तुम्ही काहीतरी सांगायचात. वामनदादांनी नवरदेवाचा हार घोड्याला आणि घोड्याचा नवरदेवाला पाठवला, आणि तक्रार आली ती घोडेवाल्याकडून. असलं काहीही. मंदाताई भिंतीला टेकायच्या, गजू खाली बसायचा, आणि भाग संपायचा.

शेवंती हसणार नाही, ही माझी दुसरी अट होती. ती शेवटी पाला खाते. म्हणून सगळे हसत असताना मी माइकला तोंड लावून पानकोबी चावायची. माझं हे असहकार आंदोलन तुम्हाला फार टोचायचं. मुद्दाम माझ्या डोळ्यांत बघून सांगायचात. मी कोबी चावायची. एकदा कोबी नाकातून आली, पण ते हसू नव्हतं, खोकला होता, हे मी तेव्हाही स्पष्ट केलं होतं.

"एक दिवस हासशीन तू," तुम्ही म्हणायचात.

"पूल बांधा. हसते."

असा आपला करार. आणि तुम्ही खरंच तो भाग लिहायला घेतलात. त्यात पूल शेवटी मोडत नाही, सुरुवातीलाच मोडतो, आणि मोडलेलाच राहतो. पोरं शाळेत जाऊ शकत नाहीत, चोराला पळून जायला वाट नाही, मास्तरांचं यंत्र चालत नाही. सगळे नाल्याच्या काठावर जमतात. इथवर आपण रेकॉर्डही केलं. मग तुम्ही थांबलात.

"मले शेवट सुचून नाही राह्यला," तुम्ही म्हणालात. "पूल बांधला, मंग? पक्का पूल. मोडनार नाही. मंग चोर कुठी पडंन? पोट्टे कायले हासतीन?"

मी म्हटलं, "पोरं शाळेत जातील. न हसता जातील."

"अवं, दुनियेत सारं मोडलेलं जसंच्या तसंच राह्यते. एक जागा असू दे ना, जिथं रविवारी सारं पह्यल्यासारखं होते."

"तुम्ही घाबरता," मी म्हटलं. "काहीही खरंखुरं बदललं की तुम्हाला भीती वाटते."

तुम्ही म्हणालात, "मंग तू लिही शेवट." मी म्हटलं, लिहिते. आणि पिशवी उचलून खाली उतरले. वामनदादांनी गजरा पुढे केला, तो घेतला नाही. त्या दिवशीचा माझा मुद्दा बरोबरच होता. पण तुमच्या त्या रविवारच्या जागेला उत्तर द्यायचं राहिलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

आठवडा उलटायच्या आत तुमच्या डोक्यात रक्ताची नळी फुटली. दवाखान्यात तुम्ही डोळे उघडे ठेवून पडला होता आणि कुणाला ओळखत नव्हता. वामनदादांना तुम्ही विचारलंत, "झेंडू काय भाव लावला?" दादांनी भाव सांगितला. तुम्ही म्हणालात, "महाग आहे." दादांनी कमी केला. तरी महाग. सख्खा भाऊ खाटेच्या कडेला बसून तुमच्याशी घासाघीस करत होता आणि डोळे पुसत होता, आणि तुम्ही काही केल्या घेत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गजू पिशवीतून कवठ घेऊन आला. मोठं, पांढरट, दगडासारखं. त्याने ते खाटेशेजारच्या टेबलावर ठेवलं. आमच्यापैकी कुणी काही विचारलं नाही. नर्सबाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

गजू म्हणाला, "दुसरं आहे."

ही थाप आहे असं मी स्वतः छापून वाटलं होतं. तरी मीही त्या कवठाकडे बघत बसले. मंदाताई तर मला बाहेर नेऊन हळूच म्हणाल्या, "निसतं टेकवून पाह्यलं तं?" मी म्हटलं, नाही. दवाखान्यात जबाबदार माणूस मी असावं, इतकी आपली परिस्थिती खालावली होती.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. बराच वेळ बघितलंत. ओळख पटल्यासारखा चेहरा झाला. म्हणालात, "शेवंती."

मी म्हटलं, "भाऊ, मी रेणू. मी भांडायला आलेली नाही. शेवट आपण मिळून लिहू, तुम्ही म्हणाल तसा लिहू." आणखी बरंच बोलले. जे कधी बोलले नसते तेही बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि वामनदादांकडे वळून म्हणालात, "भूक लागली वाटते इले."

त्या बकरीला काय वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. इतके महिने नुसता आवाज देत होते.

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

त्या कवठाची चटणी तेरवीला झाली. गूळ घालून, वामनवहिनींनी केली. गजूने खाल्ली नाही. मी खाल्ली. चांगली झाली होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वर गेलो. शेवट मी लिहिला होता. अडचण एकच होती: मास्तर आणि चोर, दोन्ही आवाज तुमचे. गजू म्हणाला, कुणाकडून तरी नक्कल करून घेऊ, पोरांना कळणार नाही. मंदाताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेन्सिलीला टोक करायला लागला. म्हणून पुढच्या अर्ध्या भागात ते दोघं नाहीत. मास्तरांच्या घराला कडी आहे. नाल्याच्या काठावर चोराचं फाटकं पोतं पडलेलं आहे. गुंड्या, कोहळ्या, बकुळी आणि गावचे लोक दगड वाहतात. कोहळ्याला भूक लागते आणि तो तरी थांबत नाही. बकुळी तांब्याने पाणी आणून चुन्यात ओतते. पूल उभा राहतो. पुढच्या भागात तो तसाच असेल, आणि मास्तर नसतील. जे गेलं ते गेलेलंच राहील.

माझी मागणी तंतोतंत मान्य झाली भाऊ. पण ती अशा पद्धतीने मान्य व्हावी, असं मी कोणत्याही पत्रकात लिहिलं नव्हतं. या पद्धतीचा मी निषेध करते.

मग हसू राहिलं. आम्ही माइकभोवती उभे राहिलो. मी तोंडात कोबी घेतली. गजूने बटण दाबलं. कुणीही हसलं नाही. पुन्हा दाबलं. मंदाताईंनी "हा हा" केलं, ते ऐकून आम्हाला तिघांनाही लाज वाटली. गजू म्हणाला, "जुनं एखादं लावू का? लय हायेत."

"शिळं?" मंदाताई म्हणाल्या. "भाऊच्या घरी?"

वामनदादा चहा घेऊन वर आले होते, ते दारातच उभे राहिले. माइकच्या मागच्या गादीवर माझं पत्रक होतं. पहिल्या दिवसापासून तुम्ही ते तिथे टाचून ठेवलेलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, कोपऱ्यात गजऱ्याचा डाग. मंदाताई म्हणाल्या, "रेणू, थे वाच. जोरात वाच."

कोबी तोंडात तशीच ठेवून मी वाचायला लागले. जाहीर सवाल. बालकांची चाललेली फसवणूक. पुलाच्या मुद्द्यापर्यंत सगळे गंभीर होते. मीही पूर्ण गांभीर्याने वाचत होते; मुद्दे आजही बरोबर आहेत. 'बकुळीच्या हाती तांब्या देण्यामागची विचारसरणी' इथे गजूच्या नाकातून आवाज आला. 'कवठाची वैद्यकीय थाप' म्हटलं तेव्हा वामनदादांनी चहाची किटली खाली ठेवली. आणि 'अन्यायाचा असा सामुदायिक हशाने निकाल लावणे' हे जाड अक्षरातलं वाक्य मी शेवंतीच्या आवाजात वाचतेय, हे माझं मलाच ऐकू आलं. पायरीवर डोळे मिटून बसलेले तुम्ही दिसलात. गजू, बकरी भेटली गा. मंदाताई भिंतीला टेकल्या होत्या. ते वाक्य मी पुरं करू शकले नाही.

बऱ्याच वेळाने गजूने डोळे पुसत यंत्र बंद केलं. परत ऐकवलं. त्यात सगळ्यांच्या वर माझाच आवाज होता.

"शेवंती तं कधी हासत नाही," तो म्हणाला. "कापू का?"

मंदाताई म्हणाल्या, "हात लावून पाह्य."

"बरं. पन मंग सरकीपूरच्या लोकांले काय आयकू जाईन? बें?"

नेम नेम असतो, आणि तो तुमचा होता. तरी मी म्हटलं, "नाही. हसू ऐकू जाईल."

गजूने चित्रं तशी काढली आहेत. बकरी नव्या पुलावरून सगळ्यांत आधी चालत जाते. पलीकडे पोचते आणि हसते. आणि सगळं गाव दगडमातीने माखलेल्या हातांनी थबकतं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बघतं.

तेव्हा भाऊ, करार मी पाळला आहे. पत्रकातला एकही मुद्दा मागे घेतलेला नाही. कोबी घशात अडकल्यामुळे हसू जरा बेसूर आलंय.

पण ताजं आहे.

तुमची,
रेणू